ट्रॉलपची टपालपेटी आणि ट्रॉलपची मतं



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, की टपाल तिकिटं जमवणाऱ्यांनी इंग्रजी प्रवासवर्णनांवर बोलायचं काय कारण? कारण सरळ आहे. तिकिटं जमवणारी माणसं एकत्र बसली की गप्पा तिकिटापाशी थांबत नाहीत. हे तिकीट कुठं छापलं, त्या गावात तेव्हा कोण राहत होतं, पत्र कुठल्या बोटीनं गेलं, असं करत करत बोलणं इतिहासात शिरतं. मग त्या काळी तिथं जाऊन आलेल्या कुणाचं तरी पुस्तक हातात येतं. आमच्या गप्पांत गेले काही महिने अँथनी ट्रॉलप हा माणूस ठाण मांडून बसला आहे. त्याच्यावरून आमच्यात वाद झाले, आवाज चढले. ते वाद तुमच्यापुढं मांडावेत आणि त्यातून आमच्या हाती काय लागलं ते सांगावं, एवढाच आजचा हेतू.

ट्रॉलप बहुतेकांना कादंबरीकार म्हणून माहीत असतो. जन्म १८१५चा, मृत्यू १८८२चा. सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. पण आमच्या दृष्टीनं तो आधी टपाल खात्यातला माणूस. १८३४ साली लंडनच्या मुख्य टपाल कचेरीत तो कारकून म्हणून चिकटला आणि १८६७ साली राजीनामा देईपर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षं, खात्यात राहिला. आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो प्रवासवर्णनकार. वेस्ट इंडीज, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, या प्रत्येकावर त्याचं जाडजूड पुस्तक आहे. हे घराण्यातच होतं म्हणा ना. त्याची आई फ्रान्सिस ट्रॉलप हिनं १८३२ साली अमेरिकन लोकांच्या चालीरीतींवर पुस्तक लिहिलं आणि अख्ख्या अमेरिकेचा राग ओढवून घेतला. परक्या देशात जायचं, बघायचं आणि बेधडक मत ठोकून द्यायचं, हे बाळकडू त्याला घरीच मिळालं.

आता आधी त्याची चांगली बाजू. १८५१मध्ये खात्यानं त्याला जर्सी आणि गर्न्सी या बेटांवर पाठवलं. इंग्लंडपेक्षा फ्रान्सच्या किनाऱ्याला जवळची ही बेटं. तिथं टपालाची बोट भरती-ओहोटीवर आणि हवेवर अवलंबून. बोट कधी सुटेल याचा नेम नाही, आणि पत्र टाकायचं तर थेट मुख्य कचेरी गाठायची. ट्रॉलपनं नोव्हेंबर १८५१मध्ये वरिष्ठांना लिहून पाठवलं, की फ्रान्समध्ये रस्त्याच्या कडेला पत्रं टाकायच्या पेट्या असतात, तशा इथं लावून बघूया. तिकिटं तर जागोजागी विकत मिळतातच, आता हवी ती फक्त पत्र टाकायला एक सुरक्षित जागा.

हे तिकीटवाल्यांनी नीट ऐकावं असं आहे. पूर्वी पत्राचे पैसे बहुतेक वेळा घेणारा द्यायचा, किंवा पाठवणाऱ्याला कचेरीत जाऊन भरावे लागायचे. १८४०मध्ये पेनी ब्लॅक आलं आणि पैसे आधी भरून तिकीट घरी ठेवायची सोय झाली. त्यामुळंच रस्त्यावरच्या निर्जीव लोखंडी पेटीत पत्र टाकता येऊ लागलं. तिकीट नसतं तर पेटीला अर्थच नव्हता. २३ नोव्हेंबर १८५२ रोजी जर्सीत पहिल्या पेट्या सुरू झाल्या, पुढच्या फेब्रुवारीत गर्न्सीत. गर्न्सीतली त्या वेळची एक पेटी युनियन स्ट्रीटवर आजही उभी आहे. आणि गंमत अशी, की त्याच १८५२च्या जुलैमध्ये, कराचीला बसून, सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी आशिया खंडातलं पहिलं चिकटवायचं तिकीट काढलं. तेच आपलं ‘सिंध डाक’. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. फ्रिअर हे नाव लक्षात ठेवा, ते पुढं परत येणार आहे.

ट्रॉलपनं काम कसं केलं, हे त्याच्या आत्मचरित्रात आहे. इंग्लंडच्या पश्चिम भागात खेडोपाडी पोस्टमनच्या वाटा आखायचं काम त्याच्याकडं आलं. हा गडी घोड्यावर बसून गावंच्या गावं फिरला. सकाळी नऊला शिकारीचा लाल कोट घालून कुणाच्याही दारात उभा राहायचा आणि विचारायचा, तुमची पत्रं कधी येतात, कोण आणतं, वर काही पैसे मागतं का? पोस्टमनला दिवसाला सोळा मैलांपेक्षा जास्त चालवायचं नाही असा नियम होता, म्हणून वाटा स्वतः बघून आखायच्या. पुढं ग्लासगोला गेला, तर ऐन उन्हाळ्यात तिथल्या पोस्टमनबरोबर शहरभर चालला आणि उंच चाळींचे शेवटच्या मजल्यापर्यंतचे जिने चढला. का, तर त्यांच्यावर कामाचा बोजा किती पडतो ते कागदावरून कळत नाही म्हणून.

१८५८च्या सुरुवातीला तो इजिप्तमध्ये होता. अलेक्झांड्रियापासून सुएझपर्यंत टपाल रेल्वेनं न्यायचा करार करायला. सुएझचा कालवा अजून व्हायचा होता. हिंदुस्थानकडं जाणारी टपालाची पोती या वाटेनं येत आणि पुढं बोटीत चढत. म्हणजे १८५८ नंतर विलायतेहून मुंबईला आलेलं एखादं पाकीट तुमच्या संग्रहात असेल, आणि ते या वाटेनं आलं असेल, तर त्याच्या वेगामागं ट्रॉलपच्या वाटाघाटी आहेत. इजिप्तच्या बाजूनं नुबार बे बोलणी करत होते. टपाल किती तासांत पार करायचं यावर दोघांची रस्सीखेच झाली आणि ट्रॉलप आपल्या आकड्यावरून हलला नाही. इथपर्यंत आमच्यात कुणाचाच वाद नव्हता. सगळे खूश.

वाद सुरू झाला तो ब्रिटिश गयानापाशी.

ब्रिटिश गयाना म्हटलं की तिकीटवाल्याच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट येते, १८५६चं एक सेंटचं किरमिजी तिकीट. लंडनहून छापून येणारी तिकिटं वेळेवर आली नाहीत, म्हणून जॉर्जटाउनच्या एका छापखान्यात तात्पुरती छापून घेतली, आणि कुणी खोटी छापू नयेत म्हणून टपाल कारकुनांनी त्यावर आपली आद्याक्षरं लिहिली. त्यातलं एक सेंटचं एकच तिकीट उरलेलं माहीत आहे. १८७३ साली ते एका शाळकरी मुलाला घरच्या कागदांत सापडलं. २०१४च्या लिलावात त्याला जवळपास ९५ लाख डॉलर आले. त्या तिकिटावर एक जहाज आहे आणि भोवती वसाहतीचं लॅटिन ब्रीदवाक्य. अर्थ असा, की आम्ही देतो आणि बदल्यात मागतो.

ट्रॉलप या वसाहतीत १८५९ साली पोहोचला, म्हणजे ते तिकीट निघाल्यावर तीन वर्षांनी. वेस्ट इंडीजमधली टपालव्यवस्था तपासायला खात्यानं त्याला पाठवलं होतं. गयाना त्याला फारच आवडलं. तिथली जेवणं, पाहुणचार, साखरेची भरभराट, सगळ्याचं तोंडभरून कौतुक. आणि या भरभराटीचं कारण म्हणून त्यानं बोट ठेवलं ते हिंदुस्थानातून आणलेल्या मजुरांवर.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. १८३४मध्ये ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्यानं संपली. मालकांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली, गुलामांना काही नाही. उलट १८३८पर्यंत त्यांना उमेदवारीच्या नावाखाली जुन्याच मालकांकडं राबावं लागलं. ते सुटणार हे दिसताच मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडं नजर वळवली. ५ मे १८३८ रोजी ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजं सुमारे ४०० हिंदी माणसं घेऊन गयानात लागली. मधे खंड पडला, पण तिथपासून १९१७पर्यंत त्या एका वसाहतीत जवळजवळ २ लाख ३९ हजार माणसं गेली. साधारण पाच वर्षांचा करार, ज्याला आपली माणसं ‘गिरमिट’ म्हणायची. करार मोडला, कामावर आला नाही, तर तो फौजदारी गुन्हा. दंड नाहीतर तुरुंग.

ट्रॉलपचं मत काय? जमैकातला मुक्त झालेला काळा माणूस आळशी आहे, त्याला कंदमुळं आणि फणसासारखी फळं फुकट मिळतात, मग तो मळ्यावर कशाला राबेल? आणि गयाना, त्रिनिदादमध्ये आलेले हिंदी मजूर सुखात आहेत, त्यांची काळजी घेतली जाते, ते पैसे गाठीला बांधून घरी जातात. त्यांच्या नावानं विलायतेत गळा काढणाऱ्या गुलामगिरीविरोधी मंडळींनी उगाच आड येऊ नये.

आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “अहो, १८५९ सालचा माणूस तो. त्या काळचे सगळे असंच बोलायचे. आपण आजच्या चष्म्यातून का बघायचं?” हा मुद्दा नेहमी निघतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. त्यावर आमच्यातल्या एक बाई, त्या शाळेत इतिहास शिकवायच्या, म्हणाल्या, “ठीक आहे काका, आजचा चष्मा काढून ठेवू. त्या काळचाच घालू. पण मग त्या काळच्या सगळ्यांना बोलू द्या की.” मग आम्ही तेच केलं.

पहिली गोष्ट आळसाची. १८३९ साली, सुटका होऊन वर्षसव्वावर्ष झालं असताना, गयानात ऐंशीहून जास्त माजी गुलामांनी आपली पै-पैची बचत एकत्र करून नॉर्थब्रुक नावाचा एक पडीक मळा विकत घेतला आणि तिथं गाव वसवलं. त्याला पुढं व्हिक्टोरिया नाव पडलं. त्याच्या मागोमाग अशी गावं एकामागून एक उभी राहिली. समुद्राच्या पातळीखालची ती जमीन. बांध घालायचे, चर खणायचे, पाणी उपसायचं, मगच पीक. हे आळशी माणसांचं काम नव्हे. ते राबायला तयार होते, फक्त जुन्या मालकासाठी आणि त्यानं ठरवलेल्या मजुरीवर राबायला तयार नव्हते. मळेवाल्याच्या जेवणाच्या टेबलावर या दोन गोष्टींना एकच नाव होतं, आळस. ट्रॉलपनं ते नाव तसंच्या तसं उचललं.

दुसरी गोष्ट मजुरांच्या सुखाची. ट्रॉलप येऊन गेल्यावर दहा वर्षांनी, डिसेंबर १८६९मध्ये, गयानात दंडाधिकारी म्हणून काम केलेल्या जॉर्ज विल्यम डे व्हू या इंग्रज अधिकाऱ्यानं वसाहतमंत्र्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. न्यायदंडाधिकारी मळेवाल्यांच्या दबावाखाली असतात, मजुरांना दाद मिळत नाही, असा त्याचा आरोप होता. त्यावरून चौकशी आयोग नेमावा लागला. त्याच सुमारास, १८७१मध्ये, गयानाचे माजी मुख्य न्यायाधीश जोसेफ बोमाँट यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिलं आणि पुस्तकाच्या नावातच तिला नवी गुलामगिरी म्हटलं. हे दोघं कोण? इंग्रजच. त्या काळचेच. म्हणजे ‘त्या काळी सगळे असंच बोलायचे’ हे खरं नाही. काही जण वेगळं बघत होते, लिहीत होते आणि त्याची किंमतही मोजत होते.

इथं आमचे ज्येष्ठ सभासद गप्प झाले नाहीत, हेही सांगायला हवं. त्यांनी उलट विचारलं, “मग ट्रॉलप खोटं लिहीत होता का?” आमच्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. आणि त्याचं उत्तर, नाही. त्याला जसं दिसलं तसं त्यानं लिहिलं. दिसलं कुठून, हा प्रश्न आहे.

हे बघा. ग्लासगोच्या पोस्टमनबद्दल मत द्यायच्या आधी तो त्याच्याबरोबर जिने चढला. शेतकऱ्याच्या पत्रांबद्दल मत द्यायच्या आधी त्यानं शेतकऱ्याच्या दारात उभं राहून विचारलं. वेस्ट इंडीजच्या पुस्तकाबद्दल तो स्वतःच आत्मचरित्रात सांगतो, की हे पुस्तक लिहिताना आपण एकही टिपण काढलं नाही, गरमागरम बघितलं तसं उतरवलं. आणि वर तेच आपलं सगळ्यात उत्तम पुस्तक, असंही त्याचं मत. टपालाची वेळ ठरवताना जो माणूस तासा-तासावर भांडत होता, त्यानं मजुराच्या आयुष्याबद्दल बोलताना मालकाच्या ओसरीवर ऐकलेल्या गप्पांवर काम भागवलं. माणूस तोच, पद्धत मात्र दोन.

आमच्यापैकी एकानं याला चांगली उपमा दिली. तो म्हणाला, हे तिकिटासारखंच आहे. तिकीट अस्सल असतं, पण त्यावरचा शिक्का नंतर मारलेला असू शकतो. म्हणून आपण दोन्ही वेगवेगळं तपासतो. ट्रॉलपची नजर अस्सल. त्याच्या मतांवर शिक्का मात्र यजमानाचा.

हीच कसोटी मग आम्ही त्याच्या बाकीच्या मतांना लावून पाहिली. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचा वंश संपणारच, असं त्यानं लिहिलं. तो संपला नाही, आजही ते लोक आपला हक्क मागत आहेत. १८७७ साली तो दक्षिण आफ्रिकेत गेला. त्याच वर्षी आपले सिंध डाकवाले फ्रिअर तिथं हाय कमिशनर म्हणून दाखल झाले होते. मधल्या काळात ते मुंबईचे गव्हर्नरही होऊन गेले. एप्रिल १८७७मध्ये इंग्रजांनी ट्रान्सवाल ताब्यात घेतलं आणि बोअरांच्या तिकिटांवर राणीच्या नावाची अक्षरं आणि ट्रान्सवाल असा ओव्हरप्रिंट मारला. ती तिकिटं आमच्यातल्या दोघांकडं आहेत. दुसऱ्याच्या तिकिटावर आपलं नाव छापायचं, याहून राज्य घेतल्याचा स्वच्छ पुरावा कुठला! ट्रॉलपला हे एकंदरीत योग्यच वाटलं. चार वर्षांत बोअरांनी लढून ते राज्य परत मिळवलं. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत हजारो काळे मजूर राबताना बघून त्याला वाटलं, की कामातून ही माणसं सुधारत आहेत, ख्रिस्ती होण्याच्या वाटेवर आहेत. पण त्याच पुस्तकात त्यानं हेही स्पष्ट लिहिलं, की दक्षिण आफ्रिका हा काळ्या माणसांचा देश आहे, गोऱ्यांचा नव्हे, आणि पुढंही तो तसाच राहणार. हे लिहायला त्या वेळी धैर्य लागत होतं. हे त्यानं कुणाच्या टेबलावर ऐकलं नव्हतं. रस्त्यानं गाडीतून महिनोन्महिने हिंडताना डोळ्यांनी माणसं दिसत होती, मोजता येत होती. जिथं मोजलं तिथं तो बरोबर निघाला.

आता आपल्याकडची बाजू. गिरमिटाची गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. मॉरिशसचं १८४७चं ‘पोस्ट ऑफिस’ तिकीट जगप्रसिद्ध आहे. त्यातली एक पेनीची दोन तिकिटं लावलेलं, १८५० साली मुंबईच्या पत्त्यावर पाठवलेलं पाकीट संग्राहकांच्या जगात ‘बॉम्बे कव्हर’ म्हणून ओळखलं जातं. मॉरिशसहून मुंबईला ते पाकीट आलं, आणि त्याच काळात मुंबई बंदरातून मॉरिशसला कोकणातली माणसं करारावर जात होती. त्यांच्या वंशजांमुळं तिथं आजही मराठी नांदते. पाकिटाची किंमत आम्हा सगळ्यांना पाठ असते. उलट दिशेनं गेलेल्या माणसांबद्दल आमच्यातल्या निम्म्यांना काही ठाऊक नव्हतं.

आणि या पद्धतीवर कायदेमंडळात घाव घातला तो पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. फेब्रुवारी १९१०मध्ये त्यांनी नाताळला करारबद्ध मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव आणला. ४ मार्च १९१२ रोजी ही सगळी पद्धतच बंद करा असा ठराव मांडला. सरकारी बहुमतानं तो पडला, पण पद्धतीचे दिवस भरले ते तिथंच. गोखल्यांची रीत कशी होती? सरकारचेच अहवाल हातात घ्यायचे, करार वाचून दाखवायचा, फौजदारी शिक्षा आणि मजुरांच्या आत्महत्या पुढं ठेवायच्या, आणि विचारायचं, की हे जर सुख असेल तर दुःख कशाला म्हणायचं? सरकारकडून चौकशी झाली होती आणि तिचा निष्कर्ष मजूर पाठवत राहण्याच्या बाजूचा होता. गोखल्यांनी त्या चौकशीच्याच कागदांतून तिचं म्हणणं खोडलं. ग्लासगोचे जिने चढणाऱ्या ट्रॉलपला ही रीत कळली असती. गयानात त्यानं ती वापरली नाही, एवढंच.

गोखल्यांवर भारताच्या टपाल खात्यानं १९६६ साली तिकीट काढलं. स्वस्त तिकीट आहे, कुठल्याही संग्रहात सापडेल. आमच्यात शेवटी ठरलं ते असं. ट्रॉलपला अल्बममधून काढायचं नाही. त्याची टपालपेटी खरी आहे आणि तिनं कोट्यवधी साध्या माणसांची सोय केली आहे. पण गयानाचं पान लावताना तिथं फक्त जहाजाचं चित्र आणि लिलावाची किंमत लिहायची नाही. ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ची तारीख लिहायची, व्हिक्टोरिया गावाचं नाव लिहायचं, डे व्हूच्या पत्राचं वर्ष लिहायचं, आणि शेजारी गोखल्यांचं तिकीट लावायचं. त्या ब्रीदवाक्यात म्हटलंय ना, आम्ही देतो आणि मागतो. कुणी दिलं आणि कुणी मागितलं, ते पान बघणाऱ्यानं स्वतः ठरवावं.

ज्येष्ठ सभासदांना हे पूर्ण पटलेलं नाही, तेही सांगून ठेवतो. त्यांचं म्हणणं, अल्बमचं पान म्हणजे काही न्यायालय नव्हे. त्यावर आमची चर्चा अजून चालू आहे. तुमच्या घरी जुनी पाकिटं असतील, विशेषतः नाताळ, मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना इथून आलेली, तर नुसतं तिकीट कापून घेऊ नका. पाकीट ठेवा, आतलं पत्र ठेवा. प्रवाशाच्या पुस्तकात जे आलं नाही, ते कदाचित तिथं असेल.

आता प्रश्न विचारा.